घोंघों आवाज बेअरिंगचा की टायरचा? आधी ते ठरवा, मग टायर घ्या

प्रश्न थोडक्यात असा: २०१६ ची स्विफ्ट डिझेल, व्हीडीआय, नव्वद हजारांच्या आसपास चाललेली. दर आठवड्याला सातारा-पुणे फेरी, सोबत घरची मंडळी. दोनेक महिन्यांपासून पन्नासच्या वर वेग गेला की घोंघों आवाज येतो आणि ऐंशीला तो इतका वाढतो की मागच्यांशी मोठ्याने बोलावं लागतं. गॅरेजवाला म्हणतो, पुढची दोन्ही बेअरिंग गेली. टायरवाला म्हणतो, चारही टायर टाका आणि टाकताय तर १९५ चेच टाका. टायर १६५/८० आर१४, त्यांवर ३११९ असा आकडा आहे. घरी जॅक आणि पान्यांचा सेट आहे, स्वतः हात घालायची तयारी आहे. आवाज नेमका कशाचा हे घरी कळेल का, आणि टायर घ्यायचेच झाले तर कोणते?

घरी नक्की कळेल. आणि कळेपर्यंत काहीही विकत घेऊ नका. सांगणारे दोघेही प्रामाणिक असू शकतात, कारण दातरे पडलेला टायर आणि उतरलेलं व्हील बेअरिंग हे दोन्ही गाडीत बसून ऐकले तर सारखेच वाटतात. दोन्ही घोंघावतात, दोन्ही वेगाबरोबर चढतात. नुसत्या कानाने निवाडा करणारा चांगला फिटरसुद्धा इथे चुकतो. म्हणून आवाज कसा आहे यापेक्षा तो कशाने बदलतो आणि कशाने बदलत नाही, हे तपासायचं.

पहिल्यांदा इंजिन-गिअरबॉक्स बाजूला काढा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर सत्तरला क्लच दाबा आणि गाडी न्यूट्रलला आणा. इंजिन चालूच ठेवा. बंद केलंत तर ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते. इंजिनचे फेरे खाली आले तरी घोंघों तसाच राहिला आणि गाडीचा वेग उतरेल तसाच उतरला, तर आवाज चाकांकडचा आहे. तुमच्या वर्णनावरून तो तसाच निघेल असं मला वाटतं.

चाकाकडचे बाकीचे आवाज ओळखायला सोपे आहेत. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवताना कटकट वाजलं तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. चाकामागचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसेलच. हळू वेगात टिकटिक, वेग वाढला की तीही जलद, तर नक्षीत अडकलेला खडा किंवा खिळा. पत्र्यावर पत्रा घासल्यासारखी चर्र असेल तर डिस्कमागचा पत्रा वाकलाय. ब्रेक सोडल्यावर येणारी आणि दाबल्यावर थांबणारी बारीक किरकिर पॅड संपत आल्याची असू शकते. खड्ड्यात खडखड आणि एरवी शांतता, तर सस्पेन्शनचे सांधे: लिंक रॉड, बुश, बॉल जॉइंट. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून पुढे जाऊ.

आता रस्ता बदलून पाहा. डांबर संपून सिमेंट काँक्रीट सुरू होतं अशी जागा आता प्रत्येक शहरात आहे. एकाच वेगाने ती ओलांडा. रस्ता बदलताच आवाजाचा सूर बदलला, नव्या गुळगुळीत डांबरावर जवळजवळ विरला, तर बोट टायरकडे जातं. बेअरिंगला खालचा रस्ता कळत नाही. ते डांबरावर जसं घुरघुरतं तसंच काँक्रीटवर. एक मात्र लक्षात ठेवा, काँक्रीटवर पाण्याच्या निचऱ्यासाठी आडव्या खाचा असतात तिथे नवा टायरही गातो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पहिल्यांदा गेलेल्या कितीतरी जणांना आपल्या गाडीत बिघाड झाल्यासारखं वाटतं ते त्यामुळेच.

मग वळणं. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, उजवीकडे वळताना डाव्या. खंबाटकीसारख्या घाटातली लांब, एका लयीतली वळणं यासाठी उत्तम, पण मागेपुढे वाहन नसतानाच आणि नेहमीच्या वेगात. डाव्या वळणावर घोंघों वाढला आणि उजव्या वळणावर दबला, तर उजव्या बाजूच्या बेअरिंगवर संशय घ्या. मात्र निकाल देऊ नका. ज्या टायरची एकच कड झिजली आहे तोही वळणावर आवाज बदलतो, आणि बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन रांगा असतात, त्यातली कुठली खराब आहे त्यावरून कधीकधी उलटाच भास होतो.

निकाल देणारी चाचणी फुकटची आहे, आणि तीच फारसं कुणी करत नाही. एकाच बाजूचं पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे टाका, दोन्ही बाजूंना. तुमच्या गाडीत चारही चाकं एकाच मापाची आहेत, त्यामुळे अडचण नाही. मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने जा. आवाज पुढून मागे किंवा मागून पुढे सरकला, किंवा त्याचा सूर स्पष्ट बदलला, तर टायर. जागचा हलला नाही तर बेअरिंग. मागे कुणाला तरी बसवा आणि कान मागच्या चाकाच्या कमानीजवळ ठेवायला सांगा. चालवणाऱ्याला मागचा आवाज पुढून आल्यासारखा वाटतो, आणि पुढची बेअरिंग विनाकारण बदलली जातात ती यामुळे.

चाकं काढलीच आहेत तर दोन गोष्टी हाताने करा. जमीन सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला, न उचललेल्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे. गाडी उचलली की स्टँड लावायचाच. गाडीबरोबर आलेला जॅक पंक्चर काढायला असतो, त्याच्या भरवशावर हात किंवा डोकं खाली घालू नका. स्टँड नसेल तर आधी तो आणा, हे काम आठवडाभर थांबलं तरी चालेल.

चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. खेळ लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो बेअरिंगमधला, तसाच राहिला तर बॉल जॉइंटकडचा. तीन आणि नऊच्या जागी खेळ लागला तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा चाकाकडचा सांधा पाहा. खेळ अजिबात नाही म्हणून बेअरिंग चांगलं असं मात्र समजू नका. आवाज सुरू होतो तेव्हा बहुतेक वेळा खेळ आलेला नसतो. खेळ येईपर्यंत प्रकरण धोक्याच्या हद्दीत गेलेलं असतं.

म्हणून दुसरी चाचणी जास्त महत्त्वाची. गिअर न्यूट्रलला आणा, मागचं चाक पाहताना हँडब्रेकही सोडा (ठोकळे आहेत ना, पुन्हा बघा), एका हाताने चाक जोरात फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं शॉकअपच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवा. चांगलं बेअरिंग असेल तर स्प्रिंग मुकी राहते. उतरलेलं असेल तर बोटांना बारीक थरथर लागते, दळण दळल्यासारखी. डाव्या-उजव्याची तुलना करा, फरक लगेच कळेल. इंजिन लावून, गिअरमध्ये टाकून उचललेलं चाक फिरवायचा प्रकार काहीजण करतात, तो घरी करू नका. एक चाक जमिनीवर आणि दुसरं हवेत असताना डिफरेन्शियलमुळे हवेतलं चाक काट्यावर दिसणाऱ्या वेगाच्या दुपटीने फिरतं.

समजा बेअरिंगच निघालं. कोणतं निघालं तेवढंच बदला. दुसऱ्या बाजूचं सरसकट बदलायची गरज नाही, शॉकअपसारखी ही जोडीने बदलायची वस्तू नव्हे. पण ते चांगलं असल्याची बोटांनी खात्री केलेली असू द्या. बेअरिंग आपणहून क्वचित जातं. वेगात बसलेल्या खड्ड्याने आतल्या धावपट्टीवर गोळ्यांचे खळगे उमटतात, किंवा हबपर्यंतच्या (चाक ज्यावर आवळलं जातं त्या मधल्या भागापर्यंतच्या) पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत सीलमधून पाणी-माती आत जाते आणि आवाज काही महिन्यांनी सुरू होतो. गेल्या पावसाळ्यात असं काही झालं होतं का, आठवून पाहा.

पुढचं बेअरिंग घरी बदलू नका असं माझं स्पष्ट मत आहे, हाताशी हायड्रॉलिक प्रेस असेल तरच गोष्ट वेगळी. स्टिअरिंग नकल, म्हणजे हे बेअरिंग ज्या धातूच्या भागात बसतं तो, खोलून आणण्यापर्यंत तुम्ही करू शकता. बेअरिंग काढणं-बसवणं प्रेसवाल्याकडे द्या आणि तिथे उभे राहा. पाहायचं ते एवढंच: बेअरिंग नकलमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रिंगवर हवा, आणि हब बेअरिंगमध्ये बसवताना खालून आतल्या रिंगला आधार हवा. दाब एका रिंगवरून गोळ्यांमधून दुसऱ्या रिंगवर गेला की नवं बेअरिंग बसतानाच खराब होतं. हातोड्याने ठोकून बसवणाऱ्याकडून नकल परत घ्या. "नवीन टाकलं तरी चार महिन्यांत पुन्हा आवाज" अशा तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं, नाहीतर बनावट माल. नावाजलेल्या कंपन्यांच्या नकली बेअरिंगचा बाजार मोठा आहे, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासह घ्या. एबीएस असलेल्या अनेक गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकीय रिंग असते. तिची बाजू उलटी बसली तर एबीएसचा दिवा लागून राहतो. अ‍ॅक्सलचा मोठा नट नवा वापरा आणि त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळा, अंदाजाने नाही. मागचं काम ड्रम काढल्यावर बरंच सोपं आहे, पण दाबाचा नियम तिथेही तोच.

आता मला जे जास्त संभवनीय वाटतं त्याकडे येतो: टायर. टायरवरून तळहात हलकेच फिरवा, आधी फिरण्याच्या दिशेने, मग उलट. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला बोटांना धार लागली तर नक्षीच्या गुटक्यांना दातरे पडले आहेत. प्रत्येक गुटक्याची एक कड उंच, दुसरी झिजलेली; रस्त्यावर त्या कडा एकामागून एक आपटतात आणि त्याचा घोंघों होतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत हे बहुधा मागच्या टायरना होतं. तिथे भार कमी, ओढ नाही, आणि टायर वर्षानुवर्षं जागचे हललेले नसतात. तुमच्या टायरांची अदलाबदल शेवटची कधी झाली हे तुम्ही लिहिलं नाहीत. झालीच नसेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

झीज नीट वाचा, कारण तिचं मूळ न शोधता नवे टायर टाकलेत तर तेही वर्षभरात तसेच वाजतील. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहत होती. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली तर अलाइनमेंट, किंवा वाकलेला आर्म. आडव्या दिशेने बोट फिरवताना पिसासारखी धार लागली तर टो, म्हणजे वरून पाहता चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, बिघडलाय. ठरावीक अंतरावर वाटीसारखे खळगे असतील तर शॉकअप संपले आहेत. नव्वद हजारांवर ते तपासायलाच हवेत, तेलाचा ओघळ दिसतो का पाहा. मागच्या दोन टायरपैकी एकच विचित्र झिजला असेल तर मागचा टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा भाग) वाकला आहे का हे अलाइनमेंटवाल्याकडून मोजून घ्या. या गाडीत मागचा टो पुढच्यासारखा पाना लावून जुळवता येत नाही, म्हणून बरेचजण मागचे आकडे पाहतच नाहीत. तुम्ही छापील कागद मागा, आधीचा आणि नंतरचा, चारही चाकांचा.

तुमचा ३११९ हा आकडा म्हणजे २०१९ चा एकतिसावा आठवडा, जुलैची अखेर. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षं ओलांडलेलं रबर कडक झालेलं असतं. ते आवाजही जास्त करतं आणि ओल्या रस्त्यावर कमी धरतं. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बारीक भेगा किंवा फुगा आहे का पाहा. फुगा दिसला तर तो टायर आजच उतरवा, बाकी चाचण्या नंतर. नक्षीच्या खाचांमध्ये आडव्या उंचवट्याची खूण असते, ती १.६ मिलिमीटरची; कारसाठी कायद्याने तीच हद्द. पण पावसाळ्यात घाटातून जाणाऱ्याने तिथवर थांबू नये. तीन मिलिमीटर उरले की पाणी बाजूला सारायची ताकद बरीच घटलेली असते. म्हणजे चाचणीत बेअरिंग दोषी ठरलं तरी हे टायर तुम्ही येत्या पावसाळ्याआधी बदलावेत असंच मी सांगेन.

१९५ चा विषय इथेच संपवू. रिमच्या मागच्या बाजूला १४ × ५जे असं काहीतरी कोरलेलं दिसेल. पाच म्हणजे रिमची रुंदी इंचात. १९५/६५ ला किमान साडेपाच इंची रिम लागतं. पाच इंचावर तो बसेल, पण साइडवॉल आत ओढली जाईल आणि वळणावर गाडी डुलेल. शिवाय माप बघा. १६५/८० आर१४ चा व्यास असा निघतो: रुंदी १६५ मिलिमीटर, तिचे ऐंशी टक्के म्हणजे साइडवॉलची उंची १३२, दोन्ही बाजू मिळून २६४, त्यात चौदा इंचाचे ३५५.६ मिळवा, झाले सुमारे ६२० मिलिमीटर. १९५/६५ आर१४ चा व्यास ६०९ येतो, म्हणजे गाडी जवळजवळ दोन टक्के बुटकी, आणि स्पीडोमीटर तेवढा वेग जास्त दाखवणार. रुंदी वाढवायचीच असेल तर १८५/७० आर१४ आहे: व्यास ६१५, फरक एका टक्क्याच्या आत, पाच इंची रिमवर चालतो. ब्रेकिंग आणि वळणावरची पकड थोडी सुधारते. मायलेज किंचित घटतं, स्टिअरिंग जरा जड होतं. १८५/६५ आर१५ हे याच गाडीच्या वरच्या मॉडेलचं माप, व्यास ६२१.५, अगदी जुळतं, पण त्याला चार रिम घ्यावी लागतात.

तुमच्या जागी मी असतो तर मूळ १६५/८० किंवा फार तर १८५/७० घेतला असता. अरुंद टायर साचलेलं पाणी चांगलं कापतो, स्वस्त मिळतो, आणि उंच साइडवॉल खड्ड्यात रिम वाचवते. नुसतं रुंद टायर म्हणजे सुरक्षित टायर हा समज मला खरोखर काळजीत टाकतो. चांगल्या रबराचा १६५ हा सुमार १८५ पेक्षा ओल्या रस्त्यावर लवकर थांबतो.

मापानंतरचा आकडा-अक्षर बघा. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. एस १८० किलोमीटर वेगापर्यंत, टी १९०, एच २१०. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत लिहिलंय त्यापेक्षा खालचा भारांक चालणार नाही. तुमच्या डिझेल इंजिनचं वजन पुढच्या टायरवर आहे, चार माणसं आणि सामान वेगळं.

ब्रँडचं नाव मी शेवटी ठेवतो. प्रत्येक कंपनी एकाच मापात दोन-तीन जातीचे टायर विकते. सीएटचा मायलेझ किंवा अपोलोचा अमेझर फोरजी लाइफ हे नावातच सांगतात की भर आयुष्यावर आहे. टॅक्सीला, रोज शंभर-दीडशे किलोमीटर चालणाऱ्याला ते रास्त. तुमचं चालणं आठवड्याला एक फेरी. तुमचा टायर झिजून संपायच्या आधी वयाने संपेल, म्हणून लाखभर किलोमीटरचं आश्वासन तुमच्या कामाचं नाही. तुम्ही दुकानात ओल्या रस्त्यावरची पकड आणि शांतपणा यांसाठीची जात मागा. साइडवॉलवर ट्रेडवेअर (झिजेला किती टिकतो) असा आकडा असेल तर तो त्याच कंपनीच्या दोन टायरमध्ये तुलना करायला वापरा. दोन कंपन्यांमध्ये नको, कारण तो आकडा प्रत्येक कंपनी स्वतः देते. ट्रॅक्शनचं (पकडीचं) अक्षर मात्र ओल्या पृष्ठभागावरच्या चाचणीचं असतं, तिथे ए किंवा एए हवा. नक्षीत गुटके बारीक आणि असमान आकाराचे, मध्यभागी सलग पट्टा, तर टायर सहसा शांत. मोठे, एकसारखे गुटके म्हणजे गुणगुण. आपल्याकडे २०२२ पासून एआयएस-१४२ या मानकात रोलिंग रेझिस्टन्स (फिरताना होणारा विरोध), ओली पकड आणि आवाज यांच्या मर्यादा आल्या आहेत, पण त्यातला आवाज रस्त्याच्या कडेला मोजलेला असतो, गाडीच्या आतला नव्हे.

आयएसआय चिन्ह पाहा, आणि चारही टायरचा आठवडा-वर्ष स्वतः वाचा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम. वर्षाच्या वरचा, सवलत दिली तरी परत करा. रबरी व्हॉल्व्ह नवेच टाकून घ्या. बॅलन्सिंगच्या मशीनवर दोन्ही बाजूंना शून्य आलेलं पाहिल्याशिवाय चाक उतरवू देऊ नका.

सध्या दोनच टायर परवडत असतील तर नवे मागे लावा. दुकानदार हमखास पुढे लावायला निघेल, त्याला थांबवा. पावसात पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, ते कळतं आणि वेग कमी करून सावरता येतं. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि घाटाच्या वळणावर सावरायला जागा नसते.

चाकाचे नट एकाआड एक आवळा. छोट्या गाड्यांत टॉर्क साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, तुमचा नेमका आकडा पुस्तिकेत आहे. न्यूमॅटिक गनने करकचून आवळलेले नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर घरच्या पान्याने सुटत नाहीत, म्हणून शेवटचा आवळ हाताने घ्यायला सांगा. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर ओल्या रस्त्यावर जपून. साच्यातला चिकट थर निघेपर्यंत नवा टायर पुरेसा धरत नाही. हवा गाडी थंड असताना, स्टिकरवरच्या आकड्याला. नायट्रोजनला पैसे देऊ नका, साध्या हवेत तो ७८ टक्के आहेच. आठ-दहा हजारांनी अदलाबदल: पुढचे सरळ मागे, मागचे फुलीने पुढे. साइडवॉलवर बाण असलेले टायर मात्र बाजू न बदलता.

जुन्यांतला सर्वांत बरा टायर स्टेपनीला ठेवावा असं दुकानात सांगतील. २०१९ चा ठेवू नका. डिकीतली स्टेपनी गाडीबरोबर २०१६ मध्ये आलेली असेल आणि एकदाही चालली नसेल तरी तिचं वय मोजा. तीही बदलायची आहे. पाच टायर एकदम जमत नसतील तर आत्ता चार घ्या, पाचवा पुढच्या महिन्यात, आणि तोवर लांबच्या फेरीआधी स्टेपनीची हवा बघा.